संत गोन्सालो गार्सिया : मरणाची पूर्वतयारी

महोत्सवाच्या दिवशीं आपण गतवर्षांची मोजदाद करतों. मंदिर केव्हां उभें राहिलें, घंटा केव्हां चढली, किती बाप्तिस्मे व किती विवाह झाले, हें सारें आनंदानें आठवतों. परंतु, वाचकहो, धर्मग्रामाच्या दफ्तरांत मृतांचीहि एक वही असते, आणि तींत आज ना उद्यां आपणां प्रत्येकाचें नांव लिहिलें जावयाचें आहे. त्या दिवसाची तयारी आपण कशी करीत आहों, असा प्रश्न ह्या मंगल प्रसंगीं विचारणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. अनंत जीवनाची तयारी व्हावी म्हणूनच तर आपल्या पूर्वजांनीं मंदिरें बांधलीं. ती तयारी कशी करावी हें शिकविणारा एक गुरु आपल्याच भूमींत जन्मला, हें मात्र आपण पुष्कळदां विसरतों.

संत गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसई येथें झाला. वसई त्या काळीं पोर्तुगीजांच्या अमलाखालीं होती. वडील पोर्तुगीज, आई ह्याच देशची. कोटांतील येशूसंघीय धर्मगुरूंपाशीं त्यांचें बाळपण गेलें. विद्या व धर्मशिक्षण दोन्हीं तेथेंच मिळालीं. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते येशूसंघीयांबरोबर जपानास गेले. तेथील भाषा त्यांनीं उत्तम प्रकारें आत्मसात केली, आणि सुमारें आठ वर्षें धर्मशिक्षक ह्या नात्यानें सेवा केली.

ह्या सेवेमागें त्यांची एक मोठी आस होती. आपणांस येशूसंघांत प्रवेश मिळावा, असें त्यांना मनापासून वाटे. ती आस पुरी झाली नाहीं. ज्या दाराशीं तारुण्य वेचलें तें दार उघडेना, ह्याचें दुःख केवढें असेल ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. असल्या निराशेनें कोणी मंदिराची पायरी सोडतो, कोणी धर्मगुरूंवर रोष धरून जन्म काढतो. गोन्सालो व्यापाराकडे वळले. व्यापारांत त्यांना यश आलें, धन मिळालें, लोकांत ओळख वाढली. परंतु अंतःकरणांतील जुनी हांक कांहीं बंद झाली नाहीं. पुढें ते मनिला येथें गेले, व्यापारधंदा सोडला, आणि फ्रान्सिस्कन संघांत एक साधे बंधू म्हणून दाखल झाले. धर्मगुरुपद त्यांना कधींच लाभलें नाहीं.

आमच्या मतें त्यांच्या मरणाची तयारी येथेंच झाली. जें हवें तें न मिळणें सोसावें, आणि जें मिळालें तें हातचें सोडावें, हे दोन धडे त्यांनीं भर तारुण्यांत गिरविले. मृत्यू तरी आपणांपाशीं ह्याहून निराळें काय मागतो?

१५९३ सालीं फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरानें फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांस जपानचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी ह्यांच्याकडे वकील म्हणून पाठविलें. जपानी भाषा जाणणारे बंधू गोन्सालो दुभाषी म्हणून बरोबर गेले. कधीं काळीं ज्या देशांत त्यांची आशा भंगली होती, तेथेंच देवानें त्यांना पुन्हां नेलें. मियाको, म्हणजे आजचें क्योतो, येथें ह्या फ्रान्सिस्कनांनीं मंदिर बांधलें व महारोग्यांसाठीं रुग्णालय चालविलें. दरबारांत बोलणारी बंधू गोन्सालोंची जिव्हा आतां दीनदुबळ्यांच्या कामीं येऊं लागली.

१५९६ च्या शरद ऋतूंत सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश गलबत वादळांत सांपडून जपानच्या किनाऱ्यास लागलें. त्यावरील माल जप्त झाला, आणि त्या प्रकरणांतून अशी शंका बळावली कीं, मिशनरी हे परकीय स्वारीचे अग्रदूत होत. डिसेंबरांत फ्रान्सिस्कनांच्या घरास पहारा बसला. पुढच्या जानेवारीच्या आरंभीं चोवीस जणांच्या डाव्या कानाचा भाग कापून गाड्यांतून त्यांची धिंड काढण्यांत आली. नंतर ऐन थंडींत नागासाकीपर्यंतचा शेंकडों मैलांचा प्रवास सुरू झाला. वाटेंत आणखी दोघे त्यांस मिळाले, आणि संख्या सव्वीस झाली: सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय, सतरा जपानी प्रापंचिक. त्यांत अवघ्या बारा वर्षांचा लुईस इबाराकी होता. तोमास कोझाकी हा मुलगा आपल्या बापाबरोबर मरणास चालला होता. त्यानें वाटेंत आईस पत्र लिहिलें. मरणसमयीं धर्मगुरु न भेटला तरी तिनें मनःपूर्वक पश्चात्ताप करावा व देवाच्या दयेवर भाव ठेवावा, असें त्या पोरानें तींत कळविलें.

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीजवळच्या टेकडीवर सव्वीस क्रूस ओळीनें मांडलेले होते. बंधू गोन्सालो प्रथम पुढें झाले व आपल्या क्रुसावर आडवे पडले, असें परंपरा सांगते. लोखंडी कड्यांनीं व दोरांनीं त्यांना क्रुसास बांधलें, क्रूस उभा केला, आणि भाल्यांनीं त्यांची कूस विंधिली. तेव्हां त्यांचें वय चाळिशीच्या आसपास होतें. ज्यास संघाच्या दारीं थांबावें लागलें होतें, त्याला स्वर्गाच्या दारीं थांबावें लागलें नाहीं, अशी आमची श्रद्धा आहे.

१६२७ मध्यें पोप आठवे अर्बन ह्यांनीं ह्या सव्वीस जणांस धन्यवादित म्हणून जाहीर केलें, आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस ह्यांनीं त्यांस संतपद दिलें. भारतभूमींत जन्मलेले पहिले संत ते हेच. १७३९ मध्यें वसईचा कोट मराठ्यांनीं घेतला, आणि ज्या मंदिराच्या सावलींत बालक गोन्सालो वाढले त्याच्या आज केवळ भिंती उरल्या आहेत. गास येथील मंदिर त्यांच्या नांवें उभें आहे, आणि १९९८ मध्यें स्थापन झालेला वसईचा धर्मप्रांत त्यांस आपला आश्रयदाता मानतो. दगड ढांसळले, त्या दगडांच्या आंत जी तयारी झाली ती ढांसळली नाहीं.

आपणांपैकीं बहुतेकांस क्रुसावर मरण यावयाचें नाहीं. आपलें मरण खाटेवर येईल, शेतांत येईल, प्रवासांत येईल, कदाचित् झोंपेंतहि येईल. धर्मगुरु वेळेवर पोंचतीलच ह्याचा भरंवसा नाहीं. म्हणून शेवटल्या घटकेवर विसंबून राहणें शहाणपणाचें नव्हे. दररोज रात्रीं निजण्यापूर्वीं अंतःकरणाची झडती घ्यावी. कुमसार पुढें ढकलूं नये. शेजाऱ्याशीं धरलेला अबोला, भावाशीं चाललेला बांधाचा तंटा आजच मिटवावा. आणि एखादी इच्छा पुरी झाली नाहीं, तर देवावर रुसून बसण्यापूर्वीं वसईच्या त्या तरुणाचें स्मरण करावें.

हे संत गोन्सालो, आपण ह्याच मातींतले. आमच्या धर्मग्रामांतील लहानथोरांसाठीं विनंती करा, म्हणजे आमचें नांव मृतांच्या वहींत लिहिलें जाईल त्या दिवशीं तें जीवनाच्या पुस्तकांतहि आढळेल. आमेन.