दोन अक्षरांत उरलेली हेन्रिएटा

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ज्यांचे काही दिवस गेले आहेत, त्यांना ‘हेला’ हे नाव नवे नाही. विद्यार्थिदशेत मीही ते वहीत उतरवून घेतले होते. काचेच्या बाटलीत अखंड वाढत राहणाऱ्या मानवी पेशी, एवढीच त्याची ओळख तेव्हा दिली जाई. ही दोन अक्षरे एका बाईच्या नावा-आडनावातून घेतलेली आहेत, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. तिचे नाव हेन्रिएटा लॅक्स.

१ ऑगस्ट १९२० रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, रोअनोक येथे ती जन्मली. ती चार वर्षांची असताना आई बाळंतपणात गेली. भावंडे नातलगांत वाटली गेली आणि हेन्रिएटा क्लोव्हर या खेड्यात आजोबांकडे आली. आजोबांचे लाकडी ओंडक्यांचे घर म्हणजे एकेकाळी गुलामांसाठी बांधलेले खोपट. तंबाखूच्या शेतात राबत ती मोठी झाली. त्याच घरात वाढलेल्या, नात्यातल्याच डेव्हिडशी १९४१ मध्ये तिचे लग्न झाले आणि पोलाद कारखान्यातल्या नोकरीपायी दोघांनी बाल्टिमोरजवळ बिऱ्हाड केले. गिरणगावातल्या एखाद्या खोलीत कोकणातून आलेल्या प्रत्येकाची पथारी पडावी, तसेच हे घर. क्लोव्हरहून कामाच्या शोधात कुणीही यावे आणि हेन्रिएटाने त्याला जेवू घालावे. तिला नाचायची आवड होती. पायाच्या नखांना लाल रंग लावायची हौस होती.

पोटात आत कुठेतरी गाठ आहे, असे तिला जाणवू लागले. तिने ते एक-दोन जवळच्या बहिणींच्या कानावर तेवढे घातले. पाचव्या बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला, तेव्हा २९ जानेवारी १९५१ रोजी ती जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेली. काळ्या रुग्णांचे कक्षही वेगळे असण्याचा तो काळ. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, असे निदान झाले. रेडियमचे उपचार सुरू करताना डॉक्टरांनी अर्बुदाचा लहानसा तुकडा काढून रुग्णालयातल्याच प्रयोगशाळेकडे धाडला. तिला कुणी विचारले नाही. विचारण्याची रीतच नव्हती. घरी तिने सुरुवातीला काही कळू दिले नाही. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी, वयाच्या ३१ व्या वर्षी ती गेली. धाकटे मूल तेव्हा जेमतेम वर्षाचे होते. क्लोव्हरला तिला पुरले. थडग्यावर नावाचा दगड नव्हता.

इकडे प्रयोगशाळेत मात्र नवल घडत होते. तोवर माणसाच्या पेशी शरीराबाहेर काही काळाने मरून जात. हेन्रिएटाच्या पेशी दिवसागणिक दुपटीने वाढत राहिल्या. अलाबामातल्या टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या संस्थेत त्या मोठ्या प्रमाणावर वाढवण्यात आल्या आणि पोलिओच्या लसीची परिणामकारकता जोखण्यासाठी वापरल्या गेल्या. पुढे त्यांची खरेदी-विक्रीही झाली. पेशींची मालकीण म्हणून ‘हेलन लेन’ असे भलतेच नाव छापले गेले. तिच्या मुलाबाळांना यातले काही १९७३ पर्यंत ठाऊक नव्हते. संशोधकांनी त्यांचे रक्त मागितले, तेव्हा ही आपल्याच आजाराची तपासणी असावी, अशी त्यांची समजूत झाली.

पण इतर पेशी मरत असताना याच एवढ्या जोमाने का वाढल्या? उत्तर मिळायला १९८४ साल उजाडले. जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्हीचा १८ क्रमांकाचा प्रकार वेगळा केला, आणि तोच हेला पेशींतही सापडला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळ या विषाणूत आहे, हे दाखवल्याबद्दल त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

एचपीव्ही हे एका विषाणूचे नाव नव्हे, ते मोठे खटले आहे. त्याचे २०० हून अधिक प्रकार आहेत. एका ठरावीक जनुकाच्या मजकुरात दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला, की नवा क्रमांक मिळतो. काही प्रकार हातापायांवर चामखीळ आणतात आणि तेवढ्यावर थांबतात. सुमारे डझनभर प्रकार घातकी. त्यांतले १६ आणि १८ हे दोघे मिळून गर्भाशयमुखाच्या सुमारे सत्तर टक्के कर्करोगांना जबाबदार असतात. ‘ई६’ आणि ‘ई७’ ही त्यांची दोन प्रथिने पेशीची बेसुमार वाढ रोखणाऱ्या दोन राखणदारांना निकामी करतात. एकाच क्रमांकातही पोटशाखा असतात. १६ च्या चार मुख्य शाखांपैकी ‘डी’ शाखेतल्या काहींचा धोका अधिक आढळतो. २०१७ मध्ये हजारो नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसले की कर्करोगात सापडलेल्या १६ च्या विषाणूंत ‘ई७’चा मजकूर जवळपास जसाच्या तसा राहिलेला असतो. त्याला धक्का लागला, की विषाणूचा घातकीपणा बहुधा ओसरतो.

हेन्रिएटाच्या बाबतीत सारेच प्रतिकूल जुळून आले. क्रमांक होता १८. त्याच्या मजकुराचे कडे तुटून आठव्या गुणसूत्रात, पेशीची वाढ चेतवणाऱ्या एका जनुकाच्या शेजारी जाऊन बसले. पुढे जुने नमुने पुन्हा पाहिले, तेव्हा तिचा कर्करोग ग्रंथीपेशींचा होता असे ठरले, आणि अशा कर्करोगांत १८ चा वाटा मोठा असतो.

यातून मला एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. हा विषाणू बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हातरी गाठतोच आणि बहुतेकांचे शरीर त्याला वर्ष-दोन वर्षांत हुसकावून लावते. ज्यांच्यात तो ठाण मांडतो त्यांच्या चारित्र्याचा त्याच्याशी संबंध जोडणे शुद्ध अन्याय आहे. तरीही आपल्या घरांत बायका हे दुखणे पदराआड ठेवतात, जसे हेन्रिएटाने काही दिवस ठेवले.

वेळीच तपासणी झाली तर काय होते, हे आपल्याच मातीत सिद्ध झाले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि टाटा मेमोरियल यांच्या सहभागाने, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटात एचपीव्हीची चाचणी एकदा झाली, त्यातले या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. तुलनेसाठी ज्या स्त्रियांना तपासणीविना ठेवले, त्यांच्याविषयी पुढे टीकाही झाली, आणि ती रास्त होती. विचारून, समजावून घेण्याचा हेन्रिएटाचा प्रश्न इथेही उभा राहिलाच. १६ आणि १८ या दोघांना अडवणाऱ्या लसी २००६ पासून आहेत. पुण्यात तयार झालेली लस २०२२ मध्ये जाहीर झाली.

हेन्रिएटाच्या थडग्यावर दगड बसला तो २०१० मध्ये. तिच्या पेशींचा संपूर्ण जनुकीय आराखडा कुणाला पाहू द्यायचा, हे ठरवताना कुटुंबाला विचारले गेले ते २०१३ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर बासष्ट वर्षांनी. ज्यांच्या घरात लेकी-सुना आहेत त्यांनी लस आणि तपासणी हे विषय जेवणाच्या पाटावर काढायला हरकत नाही. क्लोव्हरच्या त्या घरधनिणीच्या दारातून कुणी उपाशी परत जात नसे. तिच्या नावाने एवढे तरी आपण करावे.