वेदमूर्ती पंडित सातवळेकर

संध्योपासनेत सूर्यासमोर उभे राहून आपण शंभर शरद ऋतू पाहण्याची, ऐकण्याची आणि दैन्यावाचून जगण्याची याचना करतो. ती याचना ज्यांच्या बाबतीत अक्षरशः फळास आली, त्या पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचे चरित्र सभासद कुटुंबांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

पंडितजींचा जन्म १९ सप्टेंबर १८६७ रोजी सावंतवाडी संस्थानातील कोलगाव येथे एका वैदिक भिक्षुकाच्या घरी झाला. वेदपठण घरीच सुरू झाले. पण मुलाचा ओढा चित्रकलेकडे होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले व मेयो पदक मिळविले. भिक्षुकाचा मुलगा कुंचला हाती घेतो, याचे आज कोणास नवल वाटणार नाही. त्या काळी मात्र ते लहानसहान धाडस नव्हते. पौरोहित्याच्या घरात वाढलेल्या आम्हांस त्याची थोडी कल्पना आहे.

इ. स. १९०० च्या सुमारास ते चित्रकार म्हणून हैदराबादेस आले. आपला आदिलाबादचा मुलूखही तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. व्यक्तिचित्रांवर त्यांचा चरितार्थ उत्तम चाले. येथेच आर्यसमाजाशी त्यांचा निकट संबंध आला आणि लहानपणी मुखोद्गत केलेल्या मंत्रांचा अर्थ शोधण्याची तळमळ त्यांस लागली. (आर्यसमाजाची मते मूर्तिपूजकांस रुचणारी नाहीत, हे खरे. परंतु पाठ केलेल्याचा अर्थ जाणावा, या आग्रहास कोणत्या देवळाने नाही म्हणावे?)

वैदिक प्रार्थनांतील तेज दाखविणारा त्यांचा एक लेख कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात १९०८ साली प्रसिद्ध झाला. सरकारास त्यात राजद्रोह दिसला. संपादक विजापूरकर यांस कारावास भोगावा लागला. पंडितजींसही पकडून कोल्हापुरास आणण्यात आले, पण अखेर ते सुटले. पुढे लाहोरास त्यांनी चित्रशाळा चालविली.

पहिले महायुद्ध सरत आले, त्या सुमारास ते औंध संस्थानात येऊन स्थायिक झाले. वयाची पन्नाशी उलटलेली. इतर माणसे ज्या वयात काम आवरते घेतात, त्या वयात त्यांनी अर्थार्जनाची कला बाजूस ठेवली आणि ‘स्वाध्याय मंडळ’ स्थापून वेदांच्या संहिता शुद्ध स्वरूपात छापण्याचे व त्यांचा सुबोध अर्थ लिहिण्याचे कार्य आरंभिले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते. दोघांचे सूत जुळले. पंडितजींनी आसनांवर व सूर्यनमस्कारांवर पुस्तके लिहिली. आरोग्य हा त्यांच्या दृष्टीने धर्माचाच भाग होता. रोगी शरीराने शंभर वर्षे मागणे म्हणजे अर्धीच प्रार्थना. रथसप्तमीस आपल्याकडे अंगणात दूध उतू घालून सूर्याचे उपकार स्मरतात. पंडितजींच्या लेखी ते स्मरण वर्षातून एकदा करण्याचे नव्हते.

श्रावणीचेही तसेच. त्या दिवशी आपण जानवे बदलतो, ऋषितर्पण करतो आणि पंचगव्य घेऊन घरी येतो. परंतु ऋषींचे ऋण अध्ययनाने फेडावे, असे शास्त्र सांगते. मंडळास ‘स्वाध्याय’ हे नाव त्यांनी उगीच दिले नाही. पाठशाळेत जाण्याची सोय नसलेल्यांसाठी त्यांनी घरबसल्या संस्कृत शिकविणारी पुस्तके रचली. मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या आमच्यासारख्यांवर त्या पुस्तकांचे उपकार मोठे आहेत. पुरुषसूक्त आम्ही वडिलांपाशी ऐकून पाठ केले. त्यातील पदे सोडवावयास मात्र त्या पुस्तकांनीच शिकविले.

मग १९४८ साल उजाडले. गांधीजींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली. त्याच वर्षी औंध संस्थानही विलीन झाले. तीस वर्षांचा पसारा आवरून ऐंशी वर्षांच्या या वृद्धाने गुजरातेतील पारडी गाठली. प्रांत निराळा, भाषा निराळी. तेथे त्यांनी स्वाध्याय मंडळ पुन्हा उभे केले आणि आणखी वीस वर्षे लेखन व मुद्रण चालू ठेवले. त्यांच्या साऱ्या आयुष्यात हा भाग आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. राजद्रोहाचा खटला तरुणपणी सोसता येतो. ऐंशीव्या वर्षी पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ करणे निराळे.

सप्टेंबर १९६७ मध्ये त्यांनी शंभर वर्षे पूर्ण केली. १९६८ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण दिले. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी त्यांचा देह पडला. त्यांचे पुत्र माधवराव यांनी वडिलांनी बाजूस ठेवलेला कुंचला उचलला आणि चित्रकार म्हणून नाव मिळविले.