गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुस्कर

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळील कुरुंदवाड येथे दि. १८ ऑगस्ट १८७२ रोजी पं. विष्णु दिगंबर यांचा जन्म झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून ते पलुस्कर झाले. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार असल्याने भजन-अभंगांचे संस्कार बालपणीच झाले. परंतु एका उत्सवात शोभेच्या दारूचा स्फोट होऊन त्यांचे डोळे कायमचे अधू झाले व शालेय शिक्षण खुंटले. उपचारासाठी मिरजेस आणलेल्या या मुलाचा गोड गळा पाहून त्यास गाणे शिकवावे असे ठरले. मिरज संस्थानच्या अधिपतींनी आश्रय दिला. गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यासारखे थोर गुरू लाभले. सुमारे नऊ वर्षे त्यांनी गुरुचरणी खडतर विद्याभ्यास केला.

त्या काळी गाणे वाखाणले जाई, पण गवयास समाजात मान नसे. मिरजेतील एका समारंभास विष्णुबुवांना निमंत्रण आले. मात्र त्यांच्या गुरूंना केवळ गवई म्हणून वगळण्यात आले, असे सांगतात. ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. १८९६ साली राजाश्रयाचा सुखाचा घास सोडून ते बाहेर पडले. राजेरजवाड्यांच्या मर्जीवर न राहता त्यांनी तिकीट लावून सर्वसामान्यांसमोर गाण्याचे जाहीर जलसे केले.

दि. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. पंजाबात ना ओळख, ना पाठीशी धनिक! जलशांचे उत्पन्न व लोकांच्या देणग्या यांवरच विद्यालय उभे राहिले. बुवांनी स्वरलेखनाची पद्धत बसविली, क्रमिक पुस्तके काढली आणि शिष्यांना घरच्या मुलांप्रमाणे सांभाळून तयार केले. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात असत.

१९०८ साली मुंबईस विद्यालय सुरू झाले. पुढे कर्ज काढून भव्य इमारत बांधली. बुवा जलशांसाठी गावोगाव हिंडत, मिळकत कर्जात भरत. पण देणे फिटले नाही. अखेर सावकारांनी इमारत लिलावात काढली. आयुष्याची कमाई डोळ्यांदेखत गेली. घरीही अनेक अपत्ये अकाली दगावली होती. तथापि बुवा खचले नाहीत. त्यांचे मन रामभक्तीकडे वळले होते. नाशिक येथे रामनाम आधार आश्रम स्थापून त्यांनी भजन व विद्यादान चालू ठेवले. दि. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे त्यांचे देहावसान झाले.

इमारत गेली, पण विद्या गेली नाही. त्याच साली शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. १९३२ साली पं. विनायकराव पटवर्धन यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. प्रा. बी. आर. देवधर यांनी मुंबईत, तर पं. ओंकारनाथ ठाकूर यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात गुरूंचे कार्य नेले. वडील वारले तेव्हा अवघे दहा वर्षांचे असलेले पुत्र दत्तात्रेय यांना पं. पटवर्धन व पं. नारायणराव व्यास यांनी शिकविले. तेच पुढे डी. व्ही. पलुस्कर या नावाने घराघरांत पोचले.

गावातील मुलगी आज पेटी वा तबल्याच्या परीक्षेस बसते आणि आईबाप अभिमानाने प्रमाणपत्र भिंतीवर लावतात. गुरूला नाकारलेला मान विष्णुबुवांनी असा अवघ्या विद्येला मिळवून दिला. अशा या नादब्रह्माच्या उपासकास विनम्र अभिवादन!