विल्यम हार्वी

विल्यम हार्वी (१ एप्रिल, इ.स. १५७८ - ३ जून, इ.स. १६५७) हे इंग्लिश वैद्य व शरीरशास्त्रज्ञ होते. हृदयातून निघालेले रक्त शरीरभर फिरून पुन्हा हृदयाकडेच परतते, हे त्यांनी प्रयोगांच्या आधारे दाखवून दिले.

जीवन

हार्वी यांचा जन्म इंग्लंडमधील फोकस्टन येथे झाला. केंब्रिज येथील शिक्षणानंतर त्यांनी इ.स. १६०२ मध्ये इटलीतील पादुआ येथे वैद्यकाची पदवी मिळवली. पुढे ते राजा पहिला जेम्स व पहिला चार्ल्स यांचे राजवैद्य झाले.

संशोधन

रक्त यकृतात तयार होते आणि शरीरात खर्ची पडते, हे गेलनचे मत त्याकाळी प्रमाण मानले जाई. सस्तन प्राण्यांच्या हृदयाची हालचाल अतिजलद असल्याने हार्वी यांनी बेडूक, मासे व साप यांच्या संथ हृदयांचे निरीक्षण केले. सापाच्या हृदयाकडे येणारी नीला दाबली असता हृदय रिकामे व फिकट होई. हृदयातून निघणारी धमनी दाबली असता ते फुगून येई. अर्ध्या तासात हृदयातून बाहेर पडणारे रक्त शरीरातील एकूण रक्ताहून अधिक भरते, असे त्यांनी गणिताने दाखवले. हे संशोधन इ.स. १६२८ मध्ये फ्रँकफुर्ट येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यास अनेक वैद्यांनी विरोध केला.

उत्तरकाळ

इंग्लंडमधील यादवी युद्धात त्यांचे निवासस्थान लुटले गेले व कीटकांविषयीची टिपणे कायमची नष्ट झाली. धमन्यांतील रक्त नीलांमध्ये कसे जाते, हे त्यांना पाहता आले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, इ.स. १६६१ मध्ये, मार्चेल्लो मालपिगी यांनी बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्यांचे सूक्ष्मदर्शकातून केलेले वर्णन प्रसिद्ध केले आणि हा दुवा जुळला.