रक्तातला गुन्हेगार पकडणारा लिनस

शिंदखेड्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा तुमच्या कॉलेजात सिकलसेलची तपासणी झाली असेल, तर आठवून बघा. बोटाला सुई टोचली, थेंबभर रक्त नळीत गेलं, द्रावण गढूळ झालं की नाही ते पाहिलं आणि तुम्ही मोकळे! धुळे-नंदुरबारच्या पाड्यांवर हा आजार नवा नाही. पण त्याचं मूळ रक्तातल्या एका प्रथिनात आहे, हे कुणी शोधलं ठाऊक आहे? लिनस पॉलिंग यांनी. भन्नाट माणूस होता, दोस्तांनो!

२८ फेब्रुवारी १९०१ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये लिनसचा जन्म झाला. वडील औषधविक्रेते. तो नऊ वर्षांचा असतानाच ते वारले. आईने घरात भाडेकरू ठेवून तीन मुलं वाढवली. एका मित्राच्या घरी रसायनांचे प्रयोग पाहिले आणि पोराने ठरवूनच टाकलं, आपण रसायनशास्त्रज्ञ व्हायचं. गंमत म्हणजे एक-दोन विषय राहिल्यामुळे त्याला शाळेचं प्रमाणपत्रच मिळालं नाही. ते मिळालं थेट १९६२ मध्ये, नोबेल मिळाल्यानंतर! घरी पैशांची चणचण, म्हणून कॉलेजात शिकता शिकताच तो शिकवूही लागला. त्याच वर्गात एव्हा हेलन भेटली. १९२३ मध्ये दोघांनी लग्न केलं.

पुढे कॅलिफोर्नियात संशोधन करताना पॉलिंग यांना हिमोग्लोबिनने झपाटलं. शरीरभर ऑक्सिजन पोचवणारं, रक्ताला लाल रंग देणारं हेच ते प्रथिन. १९४५ मध्ये एका डॉक्टरांकडून त्यांनी सिकलसेलबद्दल ऐकलं. या रुग्णांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, त्याही ऑक्सिजन कमी असलेल्या रक्तात जास्त. पॉलिंग यांच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. ऑक्सिजनचा संबंध आहे ना? मग दोष पेशीत नसणार, हिमोग्लोबिनमध्येच असणार!

हार्वे इटानो या तरुण डॉक्टरला त्यांनी कामाला लावलं. विजेच्या क्षेत्रात ठेवलं, तर निरोगी माणसाचं आणि रुग्णाचं हिमोग्लोबिन वेगवेगळ्या रीतीने सरकतं, असं दिसलं. आणि ज्यांना काहीच त्रास नाही अशा वाहकांच्या रक्तात? दोन्ही प्रकार सापडले. १९४९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. रेणूतल्या बिघाडामुळे आजार होतो, हे जगाने पहिल्यांदा पाहिलं. नंतर व्हर्नन इंग्रॅम यांनी नेमकी चूक दाखवली. लांबलचक साखळीत फक्त एक अमिनो आम्ल बदललेलं! १९५२ मध्ये आपल्याकडे निलगिरीच्या आदिवासींमध्येही हा आजार असल्याची नोंद झाली.

म्हणजे बघा, एकच प्रथिन दोन कामांचं. ते आजाराची खूणही आहे आणि औषधाचं निशाणही. नळीतली चाचणी गढूळ आली, की इलेक्ट्रोफोरेसिस करून तुम्ही रुग्ण आहात की वाहक ते कळतं. या तपासणीचं तत्त्व पॉलिंग यांच्या प्रयोगातलंच आहे. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतात आणि त्रास कमी करतात. थेट हिमोग्लोबिनला चिकटणारं व्हॉक्सेलोटर हे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण सुरक्षिततेच्या प्रश्नामुळे २०२४ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. शोध अजून चालूच आहे.

पॉलिंग यांना १९५४ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अणुचाचण्यांविरुद्ध त्यांनी हजारो शास्त्रज्ञांच्या सह्या जमवल्या, सरकारने पासपोर्ट अडवला तरी हटले नाहीत. १९६२ चं शांततेचं नोबेलही त्यांनाच! दोन्ही नोबेल एकट्याने, कुणासोबत वाटून न घेता मिळवणारे ते एकमेव.

पण थांबा. हाच माणूस एक मोठी चूक करून बसला. १९६८ मध्ये त्यांनी सुचवलं, की सिकलसेलच्या वाहक तरुणांच्या कपाळावर गोंदून टाकावं, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. हेतू बाळांना वाचवण्याचा होता, पण माणसाच्या कपाळावर शिक्का? ज्यांनी प्रथिनाची खूण शोधली, तेच ती खूण माणसावर मारायला निघाले होते.

आपल्या गावात असं गोंदत नाहीत, हे खरं. पण पोरीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, की कुजबुज सुरू होते, स्थळं परत जातात. हाही शिक्काच की! लक्षात ठेवा, वाहक म्हणजे आजारी नव्हे. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचं हिमोग्लोबिन पूर्ण निर्दोष असेल, तर बाळाला हा आजार होत नाही. म्हणून तपासणी दोघांची हवी, लग्नाआधी हवी आणि रिपोर्ट दोघांपुरता हवा.

१९ ऑगस्ट १९९४ रोजी, ९३ व्या वर्षी पॉलिंग गेले. त्यांची तपासणी घ्या, शिक्का मात्र घेऊ नका. पुढच्या वेळी कॉलेजात शिबिर लागलं, की बोट पुढे करा. आणि शेजारच्याचा रिपोर्ट काय आला, ते विचारू नका!