प्रयोगशाळेचे दार उघडणाऱ्या कमलाबाई

पेशीतील एखादे द्रव्य ओळखायचे, तर आधी ते इतर असंख्य द्रव्यांपासून वेगळे करावे लागते, मग शुद्ध करावे लागते आणि अखेर त्याची ओळख पटवावी लागते. रेणवीय जीवशास्त्राचे आजचे तंत्रही याच पायऱ्यांवर उभे आहे. डीएनएची रचना १९५३ मध्ये उलगडली. त्याच्या कितीतरी आधी एका मराठी स्त्रीने ही शिस्त आत्मसात केली होती. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

माहेरच्या त्या कमला भागवत. जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. कराडच्या १९७५ च्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी.

मुंबई विद्यापीठातून १९३३ मध्ये पदवी घेऊन कमलाबाईंनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक होते नोबेल पारितोषिकविजेते सर सी. व्ही. रामन. केवळ स्त्री म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी संस्थेतच सत्याग्रह आरंभला. अखेर प्रवेश मिळाला, पण अपमानास्पद अटींवर. पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी गणल्या जाणार नव्हत्या आणि त्यांच्या उपस्थितीने इतरांच्या कामात व्यत्यय येता कामा नये, असे बजावण्यात आले. श्रीनिवासय्या यांच्या कडक मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर संशोधन केले. १९३६ मध्ये एम.एस्सी. पूर्ण झाली. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले आणि संस्थेचे दार इतर विद्यार्थिनींनाही खुले झाले.

पुढे केंब्रिज येथे रॉबिन हिल यांच्यासोबत त्यांनी वनस्पतींच्या श्वसनक्रियेचा अभ्यास केला. साधन होते साधा बटाटा. सायटोक्रोम हे रंगीत प्रथिन आहे. त्यातून गेलेला प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला, की ठरावीक ठिकाणी काळे पट्टे दिसतात आणि त्यांवरून ते ओळखता येते. प्राण्यांच्या पेशींप्रमाणे वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते, हे कमलाबाईंनी दाखवून दिले. अवघ्या १४ महिन्यांत, सुमारे ४० पानांच्या प्रबंधावर त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञान शाखेत ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

१९३९ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांनी दिल्ली आणि कुन्नूर येथे काम केले. १९४७ मध्ये माधवराव सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. येथे त्यांनी विद्यार्थ्यांसह कडधान्ये आणि नीरेतील पोषणमूल्यांचा शोध घेतला. गरिबांच्या आहाराशी निगडित या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला. त्याच संस्थेचे संचालकपद मात्र चार वर्षांच्या प्रतीक्षेनंतर मिळाले.

निवृत्तीनंतर त्यांनी ग्राहक चळवळीत भाग घेतला. अन्नातील भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी, हे त्या गृहिणींना शिकवीत. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. बंगळूरला एका मुलीसाठी कष्टाने उघडलेल्या दारातून आज हजारो विद्यार्थिनी प्रयोगशाळेत जातात.