आंद्रे बाझां : एक सहृदय समीक्षक

मुलगा चित्रपटांच्या नादी लागला म्हणजे तो हातचा गेला, अशी समजूत आपल्या समाजातील अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ही समजूत सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. परंतु त्या नादालाच अभ्यासाची शिस्त लावून एका बहकलेल्या मुलाचे आयुष्य सावरणारे एक गृहस्थ फ्रान्समध्ये होऊन गेले. चित्रपट-समीक्षेच्या इतिहासात ज्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते, ते आंद्रे बाझां हेच ते गृहस्थ. त्यांचे चरित्र आपल्या ज्ञातिबांधवांपुढे, विशेषतः पालकवर्गापुढे ठेवावे, एवढाच या अल्प लेखाचा हेतू आहे.

बाझां यांचा जन्म १८ एप्रिल १९१८ रोजी फ्रान्समधील आंजे या गावी झाला. शिक्षक व्हावे ही त्यांची लहानपणापासूनची आकांक्षा. त्यासाठी त्यांनी सँ-क्लू येथील नामांकित अध्यापक विद्यालयात प्रवेश मिळविला. बुद्धी तीव्र, व्यासंग दांडगा. पण बोलताना जीभ अडखळे. या एका व्यंगापायी शिक्षकी पेशाचे दार त्यांना बंद झाले. दुसरा एखादा तरुण अशा आघाताने खचून गेला असता. बाझां यांनी मात्र शिकविण्यासाठी निराळी शाळा शोधून काढली.

ती शाळा म्हणजे चित्रपट-मंडळ. दुसऱ्या महायुद्धात पॅरिस जर्मनांच्या अंमलाखाली असताना त्यांनी विद्यार्थ्यांसाठी चित्रपट दाखविण्याचा उपक्रम आरंभिला. युद्धानंतर कामगारांत सांस्कृतिक कार्य करणाऱ्या एका संस्थेच्या द्वारे त्यांनी हेच कार्य कारखान्यांपर्यंत नेले. चित्रपट दाखवावयाचा आणि मग त्यावर प्रेक्षकांशी चर्चा करावयाची, असा त्यांचा परिपाठ असे. ज्यांना वर्गात उभे राहण्यास अपात्र ठरविले गेले, ते अडखळत्या वाणीनेच शेकडो लोकांचे गुरू झाले.

त्यांची समीक्षादृष्टी कशी होती, हे दोन उदाहरणांवरून ध्यानी येईल. १९४७ साली थॉर हेयरडाल व त्यांचे पाच सहकारी बाल्सा लाकडाच्या तराफ्यावरून पेरूहून पॉलिनेशियाकडे निघाले आणि १०१ दिवसांनी तेथे पोहोचले. ‘कॉन-टिकी’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या प्रवासाचा अनुबोधपट पुढे निघाला. छायाचित्रण करणारे प्रवासीच. त्या कलेत ते नवखे. ऐन संकटाचे प्रसंग तर त्यात आलेलेच नाहीत, कारण त्या वेळी जीव वाचवावा की चित्रण करावे? वरवर पाहणाऱ्याने यास दोष म्हटले असते. बाझां यांनी या उणिवांतच अनुबोधपटाचे सत्य पाहिले. जे टिपता आले नाही, तेच संकट खरे असल्याची साक्ष देते, असा त्यांचा अभिप्राय होता. उलट, कप्तान स्कॉट यांच्या दक्षिण ध्रुवावरील मोहिमेवर १९४८ साली मोठ्या खर्चाने रचलेला इंग्रजी चित्रपट त्यांना निरर्थक वाटला. त्या मोहिमेचे अस्सल चित्रण उपलब्ध असता तिची नक्कल कशासाठी, असा त्यांचा आक्षेप होता.

दुसरे उदाहरण व्हित्तोरिओ दे सीका यांच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ या १९४८ सालच्या इटालियन चित्रपटाचे. १९५२ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात आपल्याकडील रसिकांनीही तो पाहिला. सायकल चोरीस गेलेला एक मजूर व त्याचा लहान मुलगा दिवसभर रोममध्ये भटकतात, एवढीच कथा. त्या मुलाच्या नुसत्या चालण्याकडे बाझां यांनी वाचकांचे लक्ष वेधले. बापाच्या अधःपाताचा तो साक्षीदार आहे आणि अखेरीस त्याने बापाच्या हाती दिलेला हात ही क्षमा नसून बरोबरीच्या नात्याची खूण आहे, हे त्यांनी उलगडून दाखविले. या चित्रपटात कोठेही उपदेश नाही. तरीही गरिबाला जगण्यासाठी गरिबाचेच चोरावे लागते हे त्यातून उमगते, आणि हेच त्याचे सामर्थ्य असल्याचे त्यांनी दाखवून दिले.

आता त्या मुलाविषयी. फ्रांस्वा त्रूफो हा घरी दुर्लक्षिलेला, शाळा चुकवून चित्रपटगृहांत दिवस काढणारा पोरगा. सोळाव्या वर्षी त्याने स्वतःचे चित्रपट-मंडळ काढले आणि तो कर्जात बुडाला. १९४८ च्या अखेरीस सावत्र वडिलांनी त्याला पोलिसांच्या हवाली केले व त्याची रवानगी बालगुन्हेगारांच्या केंद्रात झाली. बाझां यांची त्याच्याशी ओळख जेमतेम काही आठवड्यांची. तरी त्यांनी त्याच्याबद्दल हमी घेतली, त्याला सोडविले आणि आपल्या हाताखाली काम दिले. पुढे तो सैन्यात भरती झाला व तेथूनही पळाला. सैनिकी तुरुंगातून सुटल्यावर बाझां व त्यांच्या पत्नी जानीन यांनी त्याला आपल्याच घरी ठेवून घेतले.

१९५१ मध्ये बाझां यांनी दोन सहकाऱ्यांसह ‘काइए द्यु सिनेमा’ हे मासिक स्थापन केले. त्यात त्रूफो व त्याचे तरुण मित्र प्रखर लेखन करू लागले. नाणावलेल्या दिग्दर्शकांचे सारेच श्रेष्ठ मानण्याची त्यांची वृत्ती बाझां यांना मान्य नव्हती. १९५७ साली त्यांनी आपला मतभेद त्याच मासिकातून स्पष्टपणे मांडला. परंतु तरुणांची लेखणी अडविली नाही. १९५६ च्या कान महोत्सवात सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ची उपेक्षा होत असता, त्याच्या बाजूने आवाज उठविणाऱ्या समीक्षकांत बाझां होते. त्रूफोला मात्र तो चित्रपट रुचला नव्हता. गुरुशिष्यांच्या अभिरुचीत एवढे अंतर. तथापि स्नेहात बाधा आली नाही.

१९५४ पासून बाझां रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त होते. १० नोव्हेंबर १९५८ रोजी त्रूफोने आपल्या पहिल्या दीर्घ चित्रपटाचे चित्रीकरण आरंभिले आणि ११ नोव्हेंबर रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, बाझां यांनी देह ठेवला. ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ हा तो चित्रपट घरी व शाळेत उपेक्षिलेल्या एका मुलाचीच कहाणी सांगतो. १९५९ साली कान येथे त्याला दिग्दर्शनाचे पारितोषिक लाभले. तो बाझां यांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. त्यांचे निबंध चार खंडांत प्रसिद्ध झाले असून जगभरचे चित्रपटाचे विद्यार्थी आजही ते अभ्यासतात.

चित्रपटातील उणिवांमागचे सत्य पाहणारी बाझां यांची दृष्टी त्या मुलाकडे पाहतानाही तीच राहिली. आज चित्रपट मुलांच्या हातातल्या यंत्रावर येऊन पोहोचले आहेत. त्यांना नुसती बंदी करून भागणार नाही. मुलांसमवेत बसून चांगला चित्रपट पाहावा, त्यांना काय दिसले ते विचारावे आणि ते धीराने ऐकून घ्यावे. आपल्या ज्ञातीत कोणी असा बहकलेला मुलगा असेल, तर त्याच्यासाठी हमी घेणारा एखादा वडीलधारा आपल्यातूनच पुढे यावा, हीच इच्छा.